पटावर आहे, वर्गात नाही : डेट्रॉइटच्या सार्वजनिक शाळांचं प्रकरण

डेट्रॉइटच्या परिसरात नोकरी लागलेला मराठी माणूस घर शोधायला निघाला की एजंटला तीन गोष्टी विचारतो. ऑफिस किती लांब, बेसमेंट आहे का, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट कुठला. पहिल्या दोन बाबतींत तो तडजोड करतो, तिसऱ्या बाबतीत नाही. म्हणून तर ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांमधून गणपती दणक्यात बसतात आणि खुद्द डेट्रॉइट शहरात मराठी कुटुंब शोधावं लागतं. मीही नोव्हायलाच घर घेतलं. इथून शहर तासाभराच्या आत येतं, पण माझ्या मुलांच्या शाळेचा आणि डेट्रॉइटच्या शाळेचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तो तसा नसावा, हे १९७४ साली ठरलेलं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. मुंबईत महापालिकेच्या शाळा महापालिका चालवते. इथे शाळांचा कारभार शहराच्या कारभारापासून वेगळा असतो. त्याला स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःची हद्द, स्वतःचे कर आणि स्वतःचं कर्ज असतं. त्या हद्दीत राहणारं मूल त्या मंडळाचं. रस्ता ओलांडला की मंडळ बदललं.

डेट्रॉइटच्या हद्दीत काय चाललंय ते एका आकड्यात सांगायचं, तर मी परीक्षेचा आकडा सांगणार नाही, हजेरीचा सांगेन. मिशिगनमध्ये शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. त्यातले दहा टक्के, म्हणजे १८ दिवस, जे मूल बुडवतं ते ‘दीर्घकालीन गैरहजर’ धरलं जातं. कारण विचारत नाहीत, आजारपणही त्यातच. २०२१-२२ साली डेट्रॉइटच्या सार्वजनिक शाळांत अशी मुलं शंभरात ऐंशीच्या घरात होती. त्यात कोविडचं विलगीकरण मिसळलेलं आहे, हे खरं. पण कोविडच्या आधीही आकडा साठच्या पुढेच होता आणि २०२३-२४ मध्ये तो ६६ टक्के होता. तीन मुलांतली दोन.

परीक्षेचा आकडा लोकांना जास्त माहीत आहे. अमेरिकेत चौथी आणि आठवीच्या मुलांची एक राष्ट्रीय चाचणी नमुना पद्धतीने होते. मोठ्या शहरांचे निकाल त्यात वेगळे दाखवतात. डेट्रॉइट त्यात पहिल्यांदा २००९ मध्ये उतरलं आणि त्याचे गणिताचे गुण त्या चाचणीच्या चाळीस वर्षांच्या इतिहासातले सर्वांत कमी निघाले. २०२२ मध्ये चौथीच्या वाचनात ‘प्रवीण’ ठरलेली मुलं शंभरात पाच होती, गणितात तीन. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या चाचणीत ‘प्रवीण’ची पायरी उंच आहे. सबंध देशातली मुलं घेतली तरी वाचनात ती शंभरात तिसाच्या आसपासच पोचतात. त्यामुळे ‘डेट्रॉइटच्या पंच्याण्णव टक्के मुलांना वाचता येत नाही’ हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरं नाही. पण तीस आणि पाच यांतला फरक खरा आहे.

आमच्याकडे कुणाच्या घरी जेवायला जमलो की हा विषय निघतो, आणि पोळ्या संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, यांना शिकायचंच नाही.’ मीही पूर्वी मान डोलवायचो. नंतर या प्रकरणाचे कागद वाचत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की पंचवीस वर्षं सगळ्यांनी या शाळा कोण चालवणार याचंच भांडण घातलं. मूल शाळेच्या दारापर्यंत कसं येणार, हा प्रश्न फार उशिरा कुणाच्या तरी मनात आला.

हद्द

१९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. मोटारींचे कारखाने शहराबाहेर गेले, महामार्ग झाले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना मात्र तिकडे घर मिळत नव्हतं, कर्जही मिळत नव्हतं. शहराच्या उत्तर हद्दीवर एट माइल नावाचा रस्ता आहे. त्याच्या जवळच १९४१ साली एका बिल्डरने अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. कृष्णवर्णीय वस्ती भिंतीपलीकडे आहे असं दाखवता आलं, म्हणून अलीकडच्या गोऱ्या वस्तीतल्या घरांना सरकारी हमीची कर्जं मिळाली. भिंत अजून उभी आहे. आता तिच्यावर चित्रं काढली आहेत आणि दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयच राहतात.

१९७० मध्ये शाळांतल्या या विभागणीविरुद्ध खटला उभा राहिला. संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी पुरावा ऐकला आणि विभागणी सरकारी धोरणांतून झाली आहे, असं १९७१ मध्ये ठरवलं. मग प्रश्न आला उपायाचा. शहरात गोरी मुलंच कमी उरली होती, मग एकत्र करायचं कुणाला? रॉथ यांनी शहराबरोबर उपनगरांतले ५३ डिस्ट्रिक्टही उपायात ओढले, म्हणजे हद्दीपलीकडे मुलांच्या बसगाड्या ये-जा करतील. उपनगरं पेटून उठली. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो आदेश फिरवला. उपनगरांच्या मंडळांनी स्वतः काही गुन्हा केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांना उपायात ओढता येणार नाही, असं सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निकालात होतं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. महानगरांची एक गोरं आणि एक काळं अशी दोन शहरं होऊ देणं आज सोपं वाटेल, पण पुढे लोकांना त्याचा पश्चात्ताप होईल, असा त्याचा आशय. रॉथ निकाल पाहायला राहिले नाहीत. त्याच महिन्यात, निकालाच्या काही दिवस आधी ते वारले.

‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ या खटल्याचं नाव नोव्हायच्या मराठी मंडळात कुणी काढत नाही, काढायचं कारणही नाही. पण आम्ही ज्या हद्दीच्या भरवशावर घराला जास्तीचे पैसे मोजले, ती हद्द त्या दिवशी पक्की झाली.

प्रशासकांची रांग

राज्याने डेट्रॉइटच्या शाळा पहिल्यांदा ताब्यात घेतल्या त्या १९९९ मध्ये. निवडून आलेलं मंडळ बाजूला काढून नेमलेलं मंडळ बसवलं. त्या वेळी डिस्ट्रिक्टच्या खात्यात नऊ कोटी डॉलरांच्या वर शिल्लक होती आणि इमारतींसाठी मतदारांनी १९९४ मध्ये मंजूर केलेलं दीडशे कोटींचं कर्जही हाताशी होतं. निकाल वाईट होते, पण दिवाळं निघालेलं नव्हतं. २००५ च्या सुमारास कारभार परत लोकांच्या हाती आला तेव्हा वीस कोटींच्या आसपास तूट होती. २००९ मध्ये पुन्हा राज्याचा माणूस आला, रॉबर्ट बॉब. मग रॉय रॉबर्ट्स, मग जॅक मार्टिन, मग डार्नेल अर्ली. हे अर्ली त्याआधी फ्लिंट शहराचे प्रशासक होते. नळाच्या पाण्यात शिसं आलं ते फ्लिंट. शेवटी स्टीव्हन रोड्स आले, ज्यांनी डेट्रॉइट शहराच्या दिवाळखोरीचा खटला चालवला होता ते निवृत्त न्यायाधीश. प्रत्येकाचं काम एकच, तूट भरून काढणं. बॉब यांच्याच काळात ती ३२ कोटींवर गेली.

महापालिकांवर प्रशासक ही आपल्या वाचकांना नवी गोष्ट नाही. प्रशासक आला की निदान हिशेब सरळ होतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. इथे तोही झाला नाही, आणि कारण साधं होतं. तूट उधळपट्टीतून आलेली नव्हती. उधळपट्टी आणि चोरी होतीच. २०१६ मध्ये बारा आजी-माजी मुख्याध्यापकांवर संघराज्याच्या सरकारी वकिलांनी लाच घेतल्याचे गुन्हे दाखल केले. शाळेला कधी पोचलाच नाही अशा सामानाची बिलं त्यांनी मंजूर केली होती. पण तो सगळा घोटाळा २७ लाख डॉलरांचा. त्याने खड्डा पडत नाही. खड्डा पडला तो मुलं निघून गेल्यामुळे.

१९९४ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या मतदारांनी शाळांच्या पैशाची पद्धत बदलली. घरपट्टीवरचा भार कमी केला, विक्रीकर चारचा सहा टक्के केला, आणि राज्य दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम देऊ लागलं. गरीब गावांसाठी हे चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. पण त्याला दोन शेपट्या होत्या. एक म्हणजे इमारतींचा खर्च पूर्वीसारखाच स्थानिक मालमत्तेवर राहिला, आणि डेट्रॉइटमध्ये मालमत्तेची किंमतच उरली नव्हती. दुसरी म्हणजे पैसा आता मुलाच्या पाठीवर बसून जायला लागला. १९९३ मध्ये चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळांचा कायदा झालेला होता. शेजारच्या डिस्ट्रिक्टना शहरातली मुलं घ्यायची मोकळीक १९९६ मध्ये मिळाली. म्हणजे हद्द ओलांडून मुलं नेता येणार नाहीत असं न्यायालयाने म्हटलं होतं, आणि आता पैशासाठी उपनगरं स्वतःच ती नेऊ लागली. अर्थात रिकाम्या जागा भरतील एवढीच, आणि सगळी उपनगरं नव्हेत. आज शहरातली जवळपास निम्मी मुलं डिस्ट्रिक्टच्या शाळांत नाहीत.

१९६६ मध्ये या शाळांच्या पटावर तीन लाखांच्या जवळ मुलं होती. २०१६ मध्ये पन्नास हजारांच्या आत. वर्गातली तीस मुलांतली सहा गेली तर बाईंचा पगार सहा-तिसांशाने कमी होत नाही आणि बॉयलर तेवढाच कोळसा खातो. मग शाळा बंद करायच्या. २००० नंतरच्या पंधरा वर्षांत जवळपास दोनशे बंद झाल्या. शाळा बंद झाली की तिथली सगळीच मुलं पुढच्या शाळेत जात नाहीत, काही चार्टरला जातात. मग पुन्हा पैसा कमी, पुन्हा शाळा बंद.

काउंट डे

मिशिगनमध्ये ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा ‘काउंट डे’ असतो. त्या दिवशी वर्गात किती डोकी आहेत, त्यावर शाळेच्या पैशाचा नव्वद टक्के हिशेब ठरतो. उरलेला दहा टक्के आधीच्या फेब्रुवारीतल्या मोजणीवर. त्या बुधवारी डेट्रॉइटच्या शाळांत पिझ्झा असतो, सोडती असतात, गाणीबजावणी असते. कुणी आलं नाही तर फोन जातात.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये पटपडताळणी झाली, तेव्हा मोजणारा सरकारचा होता आणि पटावरची मुलं खरोखर आहेत का ते बघायला आला होता. इथे मुलं खोटी नाहीत. ती आहेत, त्यांची नावं खरी आहेत, त्या बुधवारी येतातही. प्रश्न पुढच्या बुधवारचा आहे. त्या दिवशी ती आली काय नि न आली काय, शाळेच्या खात्यात फारसा फरक पडत नाही. पैसा ज्या दिवसाला, धावपळ त्या दिवसाची. यात शाळांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमच तसा आहे.

बुरशी, उंदीर आणि एक महिना शिकवणारा आठवीतला मुलगा

जानेवारी २०१६ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकली. सार्वजनिक शिक्षकांना संप करायला इथे कायद्याने बंदी आहे, म्हणून हा मार्ग. २० जानेवारीला ८८ शाळा बंद राहिल्या. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामा मोटारींचं प्रदर्शन बघायला शहरात आले होते. तोवर शिक्षकांनी काढलेले फोटो सगळीकडे पसरले होते : भिंतीतून उगवलेल्या अळंब्या, मेलेले उंदीर, पाणी मुरून फुगलेली व्यायामशाळेची लाकडी जमीन, कोट घालून वर्गात बसलेली मुलं. मे महिन्यात पुन्हा ९४ शाळा बंद पडल्या, कारण ३० जूननंतर पगाराला पैसे नाहीत असं सांगितलं गेलं. तेव्हा कुठे राज्याच्या विधिमंडळाने ६१ कोटी ७० लाख डॉलरांचं पॅकेज काढलं. जुना डिस्ट्रिक्ट फक्त कर्ज फेडायला कागदावर ठेवला आणि १ जुलै २०१६ पासून मुलांसाठी नवा सुरू केला. त्याआधी दर विद्यार्थ्यामागच्या रकमेतले हजारावर डॉलर नुसत्या कर्जफेडीत जात होते. ज्या कर्जातला बराचसा भाग राज्याच्याच माणसांच्या काळात साठला, ते फेडल्याबद्दल राज्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्याच सप्टेंबरात सात विद्यार्थ्यांच्या नावाने खटला दाखल झाला. म्हणणं असं की आम्हाला वाचायला शिकण्याची संधीच मिळाली नाही आणि हा राज्यघटनेचा भंग आहे. तक्रारीत एका शाळेची हकीकत आहे. गणिताला शिक्षकच नव्हते म्हणून आठवीतल्याच एका विद्यार्थ्याने महिनाभर सातवी-आठवीचा वर्ग घेतला.

आपल्याकडे शिक्षणाचा हक्क घटनेत कलम २१ क म्हणून लिहिलेला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही, आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क नाही असं सांगूनही टाकलं आहे. त्यामुळे २०१८ मध्ये खालच्या न्यायालयाने खटला फेटाळला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते २३ एप्रिल २०२० ला, जेव्हा अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी किमान साक्षरतेचा हक्क मान्य केला. तीन आठवड्यांत गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी तडजोड केली, आणि त्यानंतर पाचव्याच दिवशी अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निकाल रद्द ठरवला. हक्क महिनाभर जगला. तडजोडीतले ९ कोटी ४४ लाख डॉलर मात्र टिकले. विधिमंडळाने ते द्यायला २०२३ उजाडलं. खटला दाखल झाला तेव्हा चौथीत असलेलं मूल तोवर हायस्कूलच्या मध्यावर आलं होतं.

मूल का येत नाही

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि बातम्यांत तो सगळ्यांत कमी येतो.

वेन स्टेट विद्यापीठातल्या सारा लेनहॉफ, जेरेमी सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या मोठ्या शहरांची तुलना केली. गैरहजेरीबरोबर काय काय जाताना दिसतं? बेकारी, गरिबी, दमा, गुन्हेगारी, ओस पडलेली घरं, घटती लोकसंख्या, वांशिक विभागणी आणि थंडी. यांतल्या एकदोन गोष्टी बहुतेक शहरांत असतात. डेट्रॉइटमध्ये सगळ्या एकदम आहेत. गरिबी एकटी पुरेसं उत्तर देत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. शेजारच्या ओहायोतलं क्लीव्हलंडही तितकंच गरीब आहे, पण त्याचे निकाल डेट्रॉइटच्या वर असतात.

आता एक सकाळ घ्या. जानेवारी, शून्याखाली दहा अंश, सातला अजून अंधार. मूल हायस्कूलचं आहे. पिवळी स्कूलबस लहान वर्गांना मिळते, हायस्कूलच्या मुलांनी शहराच्या बसने यायचं. ती बस कामावर जाणाऱ्यांचीही आहे आणि वेळेवर येईल याची खात्री नाही. जवळची शाळा बंद झालेली, त्यामुळे दोन बसगाड्या बदलायच्या. वाटेत अर्धी घरं रिकामी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मुलगी असेल तर आई म्हणते, आज राहू दे.

मोटारींच्या राजधानीत गाडी नाही, ही थट्टा नव्हे. डेट्रॉइटमध्ये गाडीचा विमा देशातल्या सर्वांत महाग विम्यांपैकी आहे. ज्या घरात गाडी आहे तिथेही ती एकच असते आणि पहाटेच्या पाळीला गेलेली असते. धाकट्याला दमा असला आणि रात्री त्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर सकाळी मोठ्याची शाळाही बुडते, कारण घरात दुसरं कुणी नाही. शहराच्या नैर्ऋत्येला तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि हवेत जड ट्रकांचा धूर आहे. इथल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण राज्यापेक्षा बरंच जास्त आहे. त्यातच घर बदलणं आलं. गेल्या दशकात कर थकला म्हणून हजारो घरं जप्त झाली. २०१४ मध्ये बिलं थकलेल्या हजारो घरांचं पाणी तोडलं. पाणी नाही हे शाळेत कळलं तर सरकार मूल काढून नेईल या भीतीने लोक ते लपवत होते. कपडे धुतलेले नाहीत म्हणून न आलेलं मूल हजेरीपटावर ‘विनाकारण गैरहजर’ असतं.

शहरातली निम्म्याच्या आसपास मुलं दारिद्र्यरेषेखाली आहेत. डिस्ट्रिक्टच्या शाळांत नाश्ता आणि जेवण सगळ्यांना फुकट आहे, म्हणजे आल्यावर पोटाची सोय होते. आल्यावर.

यावर राज्याने काढलेला उपाय असा होता : २०१५ चा एक कायदा, ज्यात मूल वारंवार शाळा बुडवतं म्हणून कुटुंबाची रोख सरकारी मदत बंद करता येते. बसचे पैसे नाहीत म्हणून शाळा बुडाली, शाळा बुडाली म्हणून उरलेसुरले पैसेही गेले. हा कायदा ज्यांनी केला त्यांनी जानेवारीत बसथांब्यावर उभं राहून बघायला हवं होतं.

२०१७ नंतर

जानेवारी २०१७ मध्ये निवडून आलेलं मंडळ परत बसलं आणि त्याने निकोलाय विटी यांना अधीक्षक नेमलं. मूळ डेट्रॉइटच्याच परिसरातला माणूस, फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये शाळा चालवून आलेला. पुढची कित्येक वर्षं तेच राहिले, हेच या गोष्टीतलं मोठं नवल. सुरुवातीला शेकडो शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांनी पुस्तकं तपासली, तर वाचनाचा अभ्यासक्रम इयत्तेच्या बराच खाली होता. म्हणजे मूल सगळे दिवस आलं असतं आणि सगळं शिकलं असतं, तरी परीक्षेत नापासच झालं असतं. २०१८ मध्ये वाचनाची आणि गणिताची पुस्तकं बदलली. त्याच ऑगस्टमध्ये पाण्यात शिसं आणि तांबं सापडलं म्हणून सगळ्या शाळांचे पिण्याचे नळ बंद केले. आता गाळण्या बसवलेली यंत्रं आहेत. कोविडच्या निमित्ताने केंद्राकडून सव्वाशे कोटींवर डॉलर एकदाच आले. त्यातून इमारतींची सत्तर कोटींची योजना निघाली, जी खरं तर तीस वर्षांपूर्वीच निघायला हवी होती.

हजेरीकडे लक्ष गेलं तेही याच काळात. शाळांतून हजेरीसाठी नेमलेली माणसं आहेत. ती फोन करतात, घरी जातात, पत्ता बदललेला असेल तर शोधतात. शिक्षकही घरभेटी देतात. काही हायस्कुलांत दवाखाना, अन्नधान्य आणि कपडे एका ठिकाणी मिळतील अशी केंद्रं उघडली. २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये वेगळाच प्रयोग झाला. हायस्कूलच्या मुलाने दोन आठवडे एकही दिवस बुडवला नाही तर दोनशे डॉलरचं गिफ्ट कार्ड, अशी पाच खेपांत हजार डॉलरपर्यंत.

यावर आमच्या जेवणावळीत चांगलीच चर्चा रंगली. ‘शाळेत यायचे पैसे?’ मलाही आधी ते खटकलं. मग आठवलं की नोव्हायच्या हायस्कूलमध्ये ए आला म्हणून मुलाला आयफोन घेऊन देणारे आम्हीच आहोत. आणि डेट्रॉइटमधलं सोळा वर्षांचं मूल शाळा बुडवून बऱ्याचदा दुकानात उभं असतं किंवा धाकट्यांना सांभाळत असतं. त्याच्या दृष्टीने दोनशे डॉलर बक्षीस नव्हे, बुडालेली मजुरी आहे. तरीही मला या योजनेबद्दल शंका आहे. ती जानेवारी ते मार्च, कडाक्याच्या थंडीत आणली हे बरोबर. पण ज्याला बस मिळत नाही त्याचा एक दिवस बुडाला की पूर्ण खेप गेली, आणि जो अधूनमधून येतो त्याच्यासाठीच ती सर्वांत अवघड. थोडे दिवस बुडवणारे सुधारतील. पन्नास दिवस बुडवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आकडे हळूहळू खाली येत आहेत. ऐंशीच्या घरातून ६६, आणि २०२४-२५ मध्ये त्याहून खाली. परीक्षेचे गुणही थोडे वर सरकले. जी मुलं १८ दिवसांच्या आत बुडवतात, ती इयत्तेच्या पातळीवर असण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे, हे डिस्ट्रिक्टच वारंवार सांगतं. त्यात नियमित येणारं मूल मुळात जरा सुस्थितीतल्या घरचं असतं हा भाग आहे, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही.

खटल्याच्या तडजोडीतले ते ९ कोटी ४४ लाख आता खर्च होत आहेत. त्यातून मुख्यतः लहान वर्गांसाठी वाचनाला मदत करणारी माणसं नेमली आहेत. शिक्षिका पुढे वर्ग घेते आणि मागे एका टेबलाशी ही बाई चारपाच मुलांना घेऊन अक्षरं आणि आवाज जुळवत बसते. चांगली पद्धत आहे, जगभर चालते. पण ६६ टक्क्यांच्या हिशेबाने अशा पाच मुलांच्या टेबलावर तीन मुलं दीर्घकालीन गैरहजर असतात. सोमवारी जो आवाज शिकवला तो मंगळवारी दोघांना माहीत असतो. उरलेल्या तिघांपैकी एकजण बुधवारी येतो, दुसरा गुरुवारी. आणि ती बाई दर वेळी तोच आवाज पहिल्यापासून काढते.